दिव्याभोवतीचे कडे

ता. ९ नोव्हेंबर १९३५

आजपासून रात्रीची मोटार माझ्या हाती आली. हारुनशेटच्या दोन मोटारी आहेत. नाशिक रोडच्या स्टेशनावर उतारू घ्यायचे आणि पंचवटीत सोडायचे, हा धंदा. एक शौकत चालवतो, एक मी. आजवर मला दिवसाच्याच फेऱ्या होत्या. शेट म्हणाले, खंडेराव, तुमचा हात आता बसला, रात्रीच्या मेलचे उतारूही घेत चला.

ट्राम बंद पडली तेव्हा तिच्या घोड्यांना गिऱ्हाइके मिळाली, हाकणाऱ्यांना मिळाली नाहीत. मीही ट्राम हाकणारा, वर्षभर घरी बसलो. मग शौकतने मला मोटार शिकवली. तिशीचा मुलगा, मला मामा म्हणतो. शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. रात्रीच्या गोष्टी त्याने वेगळ्या सांगितल्या. गाडी उभी करायची ती उद्या निघायचे त्या दिशेला तोंड करून, म्हणजे अंधारात मागे घ्यावी लागत नाही. उतारावर लावली तर पुढची चाके भिंतीकडे वळवून ठेवायची. उभ्या गाडीचा मागचा लाल दिवा विझू द्यायचा नाही. शेवटी म्हणाला, "मामा, घोड्याला त्याचे डोळे असतात. हिला तुमचेच."

समोरून दुसरी मोटार आली की दोघांनी मोठे दिवे विझवायचे आणि बारक्या दिव्यांवर एकमेकांना ओलांडायचे, ही इथल्या ड्रायव्हरांची रीत. तिला ते सलाम म्हणतात. आधी विझवील तो मोठ्या मनाचा. रीत मला आवडली. आमच्या निफाडकडे अरुंद वाटेवर दोन गाड्या समोरासमोर आल्या की आधी शिव्या होतात.

ता. २४ नोव्हेंबर

लिहू की नको, असे दोन दिवस चालले होते. लिहितो. वाचणारे कोणी नाही.

परवा पहाटे मोटार लावून नेहमीप्रमाणे काळारामाच्या दर्शनाला गेलो. गाभाऱ्यात समई होती. बघता बघता तिच्या ज्योतीभोवती एक कडे उमटले. आत निळसर, बाहेर तांबूस, मध्ये पिवळे. देवांच्या तसबिरींत मस्तकामागे प्रभावळ असते तसे. मी डोळे मिटले, उघडले. कडे तसेच. शेजारी उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले. त्यांना काही दिसत असावेसे वाटले नाही. ते हात जोडून आपापल्या मागण्या मागत होते.

माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या माणसाला हे का मिळावे? लहानपणी आमच्या गावात मोतीरामबुवा कीर्तनाला येत. ते सांगत की देवाने दिलेले तोंडाने सांगितले की ते परत जाते. म्हणून घरी कुसाबाईलाही सांगितले नाही. संसाराची पंचवीस वर्षे झाली, तिच्यापासून लपवलेले हे पहिलेच.

ता. ११ डिसेंबर

कडे आता रोज दिसते. काल स्टेशनावरच्या दिव्यांनाही दिसले. म्युनिसिपालिटीच्या दिव्यांना तर आठवड्यापासून आहे. आधी मन खट्टू झाले. देवाच्या समईचे तेज रेल्वेच्या कंदिलाला कसे शोभेल? मग वाटले, भेद आपला आहे. त्याला समई काय आणि कंदील काय. तो सगळीकडे आहे असे आपण नुसते म्हणतो, मला ते दाखवले जात आहे.

संध्याकाळी भुवई दुखते. कुसा सुंठीचा लेप घालते.

ता. ३० डिसेंबर

गोदावरीवरून धुके फार येते. शौकत म्हणतो, अजून पडलेले नाही. तरुण माणसाला थंडीही वाजत नाही.

आज एक वाईट झाले. भद्रकालीमागच्या बोळात मोटार लावताना डावे अंग एका ओट्याला घासले. मडगार्ड चेपले. ओटा बोळात चांगला हातभर पुढे आला आहे. घरमालक बाहेर येऊन म्हणाला, हा आजोबांच्या वेळचा ओटा आहे. मी म्हणालो, मग आजोबांनी बोळ खाल्ला. शौकत मध्ये पडला, त्याची समजूत घातली, आणि पुढे गाडी त्याने तोंडाने सांगत सांगत माझ्याकडून लावून घेतली. थोडे उजवीकडे मामा, आता सरळ, बस. जणू मी काल शिकायला लागलो आहे. आभार मानले नाहीत.

हल्ली लोक डाव्या बाजूने एकदम अंगावर येतात. शिस्त उरली नाही.

ता. १५ जानेवारी १९३६

काल संक्रांत. शौकत घरी येऊन तीळगूळ घेऊन गेला. त्याच्याशी गोड बोलणे माझ्याच्याने झाले नाही.

कारण असे. गेल्या आठवड्यापासून रात्रीच्या मेलचे उतारू तोच उचलतो. मी पोहोचण्याआधी त्याची मोटार फाटकाशी उभी. मला म्हणतो, मामा, थंडी आहे, तुम्ही निजा, माझी झोप तशीही उडालेली असते. हमाल हसतात. काल एक हमाल म्हणाला, "खंडूबा, शौकतमियाँनी तुम्हाला पेन्शन दिली वाटतं." मीही हसलो. 

ज्याने विद्या दिली त्यानेच ती काढून घ्यायला निघावे! घरी बोललो. कुसा भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरगं भलं हाय. निजा म्हणतोय तर निजावं." तिला धंद्यातले काय कळते? ती दहा-बारा दिवसांपूर्वी जैतुनबीकडे बांगड्या भरायला गेली होती. जैतुनबी शौकतची आई. मुलाचे गुण ऐकून आली असेल.

ता. २ फेब्रुवारी

शेटकडे गेलो. चुगली करायची नव्हती. एवढेच म्हणालो की रात्रीची पाळी माझ्या नावाची आहे, ती माझ्याकडे राहावी. शेटनी शौकतला बोलावले आणि त्याच्यासमोरच विचारले, का रे, यांच्या फेऱ्या का उचलतोस?  शौकत म्हणाला, चुकलं शेट.

त्याने काहीतरी उत्तर द्यावे अशी माझी तयारी होती. चुकलं म्हटल्यावर माझे सगळे शब्द तोंडातच राहिले.

आता स्टेशनावरून येणाऱ्या उतारूंची पहिली फेरी माझी. गाडीला परत जाणाऱ्यांना तो पंचवटीहून आणील. म्हणजे रोज रात्री वाटेत आम्ही एकमेकांसमोर येणार.

ता. १६ फेब्रुवारी

आज नांदगावची एक बाई माझ्या मोटारीत होती. मालनबाई नाव, साठीची, मुलगा हात धरून चालवत होता. माझ्या मागेच बसली. वाटेत तिने विचारले, दिवे लागले का रे? मुलगा म्हणाला, केव्हाच लागले. मग ती आपणहून बोलू लागली. आंधळ्या माणसांना अंधारात बोलायला बरे वाटत असावे.

म्हणाली, "मला आधी दिव्याभोवती कडं दिसायचं. रंगीत. मला वाटलं, देवी आली. मी दिव्याला हळदीकुंकू वाहायची, कोणाला सांगायची नाही. कपाळ दुखायचं, ते उपासानं म्हणायची. मग कडेकडेनं काळं येत गेलं."

मी विचारले, वैद्याला दाखवले नाही? ती म्हणाली, "देवीला वैद्याकडे कशी नेऊ?"

मुलगा हसला. तीही हसली. मी मोटार हळू केली, कारण हाताला घाम आला होता.

पंचवटीत उतरताना तिने चाचपून माझा खांदा शोधला आणि मला आशीर्वाद दिला. मला तो नको होता.

तिचे वेगळे, माझे वेगळे. तिला जे दिसले ते घरातल्या दिव्याला. मला रामापुढे दिसले.

ता. १८ फेब्रुवारी

काल पहाटे देवळात गेलो नाही. आजही नाही. पाय दुखतात.

ता. ५ मार्च

रात्री समोरून मोटार आली की माझ्या डोळ्यांपुढे सगळे पांढरे होते आणि ती गेल्यावरही बराच वेळ रस्ता परत येत नाही. हल्लीच्या दिव्यांत काहीतरी विषारी घातलेले असते. नासर्डीच्या पुलाजवळ काल कठडा अगदी चाकाशी आला. उतारूंना कळले नाही.

शौकतला गाठले. म्हणालो, सलाम फार उशिरा करतोस. पूल दिसण्याच्या आधीच, वळणावरच मोठे दिवे विझवत जा. तो म्हणाला, "मामा, वळणापासून पुलापर्यंत झाडी आहे. बैलगाड्या सोडलेल्या असतात. कंदील एकालाही नसतो." मी म्हणालो, मोठ्या माणसाने सांगितलेले ऐकायचे नसेल तर तसे सांग. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे म्हणजे माझ्या डोळ्यांकडे. मग म्हणाला, बरं.

माझे दिवे मी विझवत नाही. माझी मोटार भरलेली असते, बायामुले असतात. त्यांना अंधारात नेणे बरे नव्हे. 

ता. २२ मार्च

आता नीट चालले आहे. लांबवर त्याचे दिवे दिसतात न दिसतात तोच विझतात. शौकत माझा मान ठेवतो. मी त्याच्याबद्दल वाईट विचार केले, त्याचे वाईट वाटते. रामनवमीच्या गर्दीनंतर त्याला एक दिवस घरी जेवायला बोलवावे.

ता. ५ एप्रिल

काल रात्री.

रामाच्या रथाची गर्दी परतत होती. मी स्टेशनाहून येत होतो, मोटारीत चौघे. पुलाच्या अलीकडे असताना पलीकडच्या वळणावर त्याचे दिवे दिसले आणि विझले. मी मागच्यांना म्हणालोसुद्धा, हा आमचा शौकत, बघा कसा वागतो. माझे दिवे चालूच होते. मग लाकूड फुटल्यासारखा मोठा आवाज झाला आणि बैल ओरडला.

झाडाखाली वाशांनी भरलेली बैलगाडी रस्त्यावरच उभी होती. वासे मागे बाहेर आलेले. गाडीवान लहानू, पेठकडचा, जुवाला टेकून झोपला होता. शौकतला गाडी दिसली नसणार. माझ्या दिव्यांमुळे समोर उजेड तर होता, पण तो सगळा त्याच्या डोळ्यांत. वासे काच फोडून आत आले होते. त्याच्या उतारूंना खरचटण्यावर निभावले. त्याने शेवटच्या क्षणी मोटार अशी वळवली की सगळे त्याच्या बाजूने आले.

उजवा हात काढता येत नव्हता. लोकांनी वासा कापला तेव्हा निघाला. मी कंदील धरून उभा होतो. एवढा वेळ धरल्यावर मला कोणीतरी सांगितले की मी तो भलतीकडेच धरला आहे.

ता. ८ एप्रिल

शौकतचा हात कोपराखाली काढला.

इस्पितळात गेलो. जैतुनबी पायाशी बसली होती, मला पाहून तिने पदर पुढे ओढला. शौकत म्हणाला, मामा बसा. मग हळू म्हणाला, "फौजदाराला मी सांगितलंय, दिवे लावायला विसरलो. तुम्ही यात नाही."

मी म्हणालो, दिवे मी विझवायला लावले.

"मी विझवले. हात माझा होता."

हात म्हटल्यावर तो स्वतःच थांबला.

सांगायला लाज वाटते, पण तो 'तुम्ही यात नाही' म्हणाला तेव्हा आधी मला सुटल्यासारखे वाटले. बाकीचे सगळे त्याच्या मागून आले. ते आता जात नाही.

ता. १२ एप्रिल

शेटनी बोलावले. एक मोटार मोडली, एक राहिली. म्हणाले, रात्रीच्या दोन्ही फेऱ्या आता तुमच्या, यात्रेकरू आहेत तोवर धंदा करून घ्या. मी म्हणालो, शेट, मला रात्री दिसत नाही.

हे वाक्य मी आजवर कोणाला म्हटले नव्हते, स्वतःलाही नाही. म्हटल्यावर वाटले होते की घर पडेल. शेटनी नुसती सुपारी कातरली.

मग त्यांना सगळे सांगितले. शौकतला कोणी विझवायला लावले, माझे दिवे कसे चालू होते. फौजदाराकडे जाऊन सांगतो म्हणालो. शेट म्हणाले, "त्याने त्याचा हात परत येईल का? त्याने तुम्हाला वाचवलं. आता ते फुकट घालवू नका."

तरी गेलो. फौजदार जेवून येऊन बसला होता. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, दिवे विझवून गाडी हाकणे हा गुन्हा हाकणाऱ्याचा. सांगणाऱ्याला कायद्यात कलम नाही. विहिरीत उडी मार म्हटले तर मारायची का? त्याने शौकतचा परवाना रद्द करण्याचे लिहिले होते, ते तसेच राहिले. हात नसलेल्या माणसाचा परवाना. माझा ड्रायव्हरचा बिल्ला मी मेजावर ठेवला. त्याने तो खणात टाकला आणि दुसऱ्या माणसाला आत बोलावले.

माझे खरे बोलणे कोणाच्याच उपयोगी पडले नाही. आधी बोललो असतो तर पडले असते.

ता. १४ एप्रिल

इस्पितळातल्या डॉक्टरांनी डोळे पाहिले. बोटांनी बुबुळे दाबली. कडे कधीपासून दिसते, विचारले. नोव्हेंबरपासून म्हणालो. ते म्हणाले, तेव्हा यायचे. आता आहे तेवढे टिकले तरी पुष्कळ. तेव्हा का आला नाहीत?

मालनबाईचे उत्तर तोंडावर आले होते. पण ती बाई ते खरोखर मानत होती. 

ता. १९ एप्रिल

शौकत घरी आला आहे. आज दुपारी त्याच्याकडे गेलो. तो झोपला होता. बायको नूरबानो त्याला वारा घालत होती, तिने माझ्याकडे पाहिले नाही. जैतुनबीने मला बाहेर ओट्यावर बसवले, पाणी दिले. बांगड्यांची टोपली तशीच झाकून ठेवलेली होती.

ती टोपलीपाशी बसली. मग म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही, हे माझ्या पोराला थंडीतच कळलं होतं. ओट्याला गाडी घासली त्या दिवशी. तुमची बायको आली होती माझ्याकडे. बांगड्या काही भरल्या नाहीत तिनं. रडली. म्हणाली, घरात भिंतीला धडकतात, पण मी बोलले तर ट्राम बंद झाल्यावर बसले होते तसे कोपऱ्यात बसतील. तुझ्या पोराला सांग, रात्रीच्या फेऱ्या त्यानं घ्याव्या. म्हणून त्यानं घेतल्या. तुम्ही शेटकडे गेलात."

मी पाण्याचे भांडे खाली ठेवले.

"त्याला मी म्हटलं, सांगून टाक शेटला, म्हातारा आंधळा होतोय. तो म्हणाला, अम्मा, मी सांगितलं तर त्यांची मोटार जाईल, आणि मामांना मोटार मीच दिलीय." तिने पदराने नाक पुसले. "सगळ्यांना माहीत होतं. भाऊ, तुम्हाला माहीत नव्हतं का?"

माहीत नव्हतं, म्हणालो.

ती मान हलवत राहिली. तिने ते खरे मानले की नाही, कळले नाही. निघताना म्हणाली, उजेड आहे तोवर जा.

घरापर्यंत चालत आलो. वाटेत काळारामाचा कळस दिसला. आत गेलो नाही. तिथे जाऊन मी काय सांगणार? मालनबाईने मोटारीत सांगितले त्या रात्रीच मला कळले होते. हाताला घाम उगीच आला नव्हता. त्यानंतर मी जे केले ते सगळे कळल्यावर केले. रात्रीची मोटार सुटू नये म्हणून मी रामाला पुढे केले, आणि तोही पुरेना तेव्हा शौकतला.

संध्याकाळी जेवायला बसलो. कुसाला काही विचारले नाही. तिनेही, कुठे गेला होता, असे विचारले नाही. भाकरी वाढली. मग चिमणी उचलून माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला, जिकडून मला दिसत नाही तिकडे, जवळ आणून ठेवली, आणि वाटी बोटाने जरा माझ्याकडे सारली. बोलता बोलता, शेजारच्या घरच्या लग्नाचे सांगता सांगता. हाताला सवय असल्यासारखे.

किती दिवस असे करते आहे, कोण जाणे. मी आजच पाहिले.